दुसऱ्या बाळंतपणाला डुला घेतली: 18 हजारांत काय मिळालं, काय नाही

पहिल्या बाळंतपणात मी अकरा तास एकटी होते. बेळगावातलाच दवाखाना, नाव घेत नाही. आई, सासूबाई, नवरा तिघंही बाहेर बाकावर आणि आत मी, भिंतीवरचं घड्याळ आणि दीड-दोन तासांनी येऊन तपासून जाणाऱ्या सिस्टर. किती राहिलंय, सगळं ठीक आहे का, कुणी काही सांगितलं नाही. विचारलं तर कन्नडमधून तुटक उत्तर. मुलगा सुखरूप झाला, देवाची कृपा. पण नंतर दोन वर्षं घरात दुसऱ्या बाळाचा विषय निघाला की माझे हातपाय गार पडायचे. म्हणून यंदा पाचव्या महिन्यातच नवऱ्याला सांगून टाकलं, या वेळी आत माझं कुणीतरी माणूस पाहिजे.

आम्ही खासबागचे. मी एका पतसंस्थेत कॅशला बसते, नवरा उद्यमबागला फाउंड्रीत आहे, शिफ्ट ड्यूटी. डुला, म्हणजे बाळंतपणात सतत सोबत बसणारी बाई, हा शब्द ऑफिसातल्या एका मैत्रिणीकडून कळला, तिच्या बहिणीने हुबळीत घेतली होती. आम्हाला मिळाल्या त्या धारवाडच्या, आता लग्न करून बेळगावात. सगळे त्यांना अक्का म्हणतात, मीही तेच म्हणते. घरची भाषा कन्नड, पण मराठी आपल्यासारखंच, वाक्याच्या शेवटी "की" लावून.

घरात आधी हाच प्रश्न निघाला की डुला म्हणजे सुईण का? आजेसासूबाई म्हणाल्या, दवाखान्यात डॉक्टर असताना सुईण कशाला? अक्कांनी पहिल्याच भेटीत हे स्वच्छ केलं. सूलगित्ती (कन्नडमध्ये सुईण) नरसम्मांचं नाव घेतलं, तुमकुर जिल्ह्यातल्या पावगडच्या, हजारो बाळंतपणं केलेल्या, 2018 साली पद्मश्री मिळालेल्या. "त्या बाळ हातात घ्यायच्या. मी घेत नाही. मी तपासत नाही, ठोके बघत नाही, औषध देत नाही. ते डॉक्टरांचं काम. मी तुझ्याजवळ बसते, उठत नाही." डुला हा शब्द ग्रीक आहे, सेवा करणारी बाई असा त्याचा अर्थ.

18 हजारांत ठरलं ते असं: बाळंतपणाआधी चार बैठका, 37 आठवड्यांपासून रात्री-अपरात्री कधीही फोन, कळा सुरू झाल्यापासून बाळ झाल्यावर दोन तासांपर्यंत सोबत, आणि नंतर घरी दोन भेटी. आमच्या पगारात ही रक्कम मोठी आहे. भिशी उचलून दिली.

बैठकांबद्दल मी भरभरून लिहीन, कारण माझ्या मते निम्मे पैसे तिथेच वसूल झाले. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, दिवसभर काय काम करतेस? म्हटलं, नोटा मोजते. म्हणाल्या, मग आपण कळसुद्धा मोजू. नाकाने श्वास आत घेताना चार आकडे, तोंडाने सोडताना सहा. म्हणजे एका श्वासाला दहा सेकंद झाले. जोरातली कळ साधारण एक मिनिट राहते, म्हणजे सहा श्वास. पहिल्या दोनात चढते, तिसऱ्या-चौथ्यात शिगेला जाते, मग उतरते. "तुला अख्खं बाळंतपण नाही काढायचं. सहा श्वास काढायचे. मग विश्रांती, मग परत सहा." पहिल्या खेपेला मला कळ म्हणजे कधी संपेल ते ठाऊक नसलेला प्रकार वाटायचा. तिला शेवट आहे, आणि तो मोजता येतो, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं.

दुसऱ्या बैठकीला नवऱ्याला बोलावलं. मी पलंगाच्या कडेला हात टेकून वाकून उभी, आणि त्याने तळहाताची टाच कमरेच्या खाली, माकडहाडाच्या जरा वर लावून सरळ आत दाब द्यायचा. मग दोन्ही तळवे दोन बाजूंनी कुल्ल्यांवर ठेवून एकमेकांकडे दाबायचे. तो घाबरत हळूच दाबत होता. अक्का म्हणाल्या, फाउंड्रीत काम करता ना, लावा की जोर. त्याने जोर लावला आणि सातव्या महिन्यापासून ठणकणारी माझी कंबर त्या क्षणाला मोकळी झाली. त्यानंतर रोज रात्री जेवण झाल्यावर दहा मिनिटं हाच कार्यक्रम.

तिसऱ्या बैठकीला त्यांनी लांब मऊ कापड मागितलं. मेक्सिकोत बायका यासाठी रेबोझो नावाची शाल वापरतात म्हणाल्या. सासूबाईंनी ट्रंकेतून आजेसासूबाईंचं शहापुरी लुगडं काढलं, धुवून धुवून सायीसारखं मऊ झालेलं. मी गुडघे आणि हात टेकून ओणवी, लुगडं पोटाखालून घेऊन त्याची दोन्ही टोकं अक्कांच्या हातात, आणि पोटाचं ओझं किंचित उचलून अगदी बारीक झोका. पाळणा हलवतात तेवढाच. पाठीवरचा भार कुणीतरी दुसऱ्याने उचलला तर कसं वाटतं ते मला त्या दिवशी कळलं. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या, मग त्याही शिकल्या. (रक्तस्राव असेल किंवा वार (प्लॅसेंटा) खाली असेल तर हे करायचं नाही. डॉक्टरांना विचारून घ्या, असं अक्कांनी आधी बजावलं होतं.)

आणि चौथ्या बैठकीत तो कागद. आपल्याकडे हा फार मोठा मुद्दा आहे. बाळंतीण मराठी, रिपोर्ट इंग्रजी, आणि रात्रपाळीच्या सिस्टर, आया कन्नड बोलणाऱ्या. अक्कांनी माझ्याशी बोलून एक पान कन्नडमध्ये लिहिलं, खाली तेच इंग्रजीत. चारच ओळी: सोबतीला एक माणूस सतत राहू द्या. बाळाचे ठोके चांगले आहेत तोवर मला चालू-बसू द्या. तपासायच्या किंवा टाका घालायच्या आधी मला सांगा. बाळ बरं असेल तर लगेच छातीवर द्या आणि नाळ निदान एक मिनिट थांबून कापा. शेवटच्या मुद्द्यावर नवरा साशंक होता, तर जागतिक आरोग्य संघटनेचीही तीच शिफारस आहे हे त्यांनी दाखवलं. 36व्या आठवड्यात तो कागद घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. मॅडमनी वाचला, चालण्या-बसण्याच्या ओळीत "सलाईन नसताना" असं हाताने घातलं आणि सही केली. मी तो तायी कार्डाच्या (गरोदरपणाच्या नोंदींचं सरकारी कार्ड) प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून दिला.

39व्या आठवड्यात पहाटे पावणेतीनला पाणी गेलं. अक्कांना फोन केला. त्यांनी शांतपणे तीन गोष्टी विचारल्या: रंग कसा आहे, किती वाजता गेलं, बाळ हलतंय का. रंग हिरवट-काळपट असता किंवा रक्त असतं तर एक मिनिटही थांबायचं नव्हतं. माझं पाणी स्वच्छ होतं, पण कळा नव्हत्या. तरी पाणी गेल्यावर घरी बसायचं नाही म्हणाल्या, निघा. आम्ही साडेतीनला पोचलो. त्या पोचल्या साडेचारला. दुसऱ्या रेल्वे गेटला मालगाडीसाठी अडकल्या होत्या. खरं सांगते, तो तास मला जड गेला. लांब राहणाऱ्यांनी रस्त्याचा हिशेब आधीच करून ठेवावा.

सकाळी दहापर्यंत कळा येत होत्या, पण विस्कळीत. मॅडम म्हणाल्या, कळा वाढवायचं सलाईन लावू या. मला धडकी भरली, कारण पहिल्या वेळचं सगळं सलाईननंतरच हाताबाहेर गेलं होतं. अक्का डॉक्टरांशी एक शब्द बोलल्या नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाल्या, तुला काय विचारायचंय ते विचार. आत्ताच का? थांबलं तर काय? दुसरा काही मार्ग आहे? हे तीन प्रश्न आम्ही घोकले होते. मॅडमनी नीट उत्तर दिलं, पाणी जाऊन सात तास झालेत, जंतुसंसर्गाची भीती वाढत जाते. मी हो म्हटलं. पहिल्या वेळीही सलाईन होतं, पण या वेळी ते मी कबूल केलेलं सलाईन होतं. माझ्या मनाला हा फरक फार मोठा आहे.

मग मोजणं सुरू झालं. पोटावर बाळाचे ठोके बघायचा पट्टा लावलेला, म्हणून पलंगालगतच मोठ्या चेंडूवर बसले, अक्का मागून दाब देत, मी आकडे म्हणत. रात्रपाळीतून थांबलेल्या एक सिस्टर होत्या, त्यांनी कागद वाचला होता. तपासायच्या आधी दरवेळी सांगायच्या, आणि कळ चढली की "हेदरब्याड, उसिरु तगो" म्हणायच्या. घाबरू नको, श्वास घे. पहिल्या खेपेला हीच भाषा मला परकी वाटली होती. दुपारी तीनच्या पुढे पाय थडथड कापायला लागले, उलटी झाली, आणि मी ओरडले, मला सिझर करा, माझ्याने होत नाही. अक्कांनी बैठकीतच सांगून ठेवलं होतं की हे वाक्य येईल आणि ते आलं की वाट थोडीच उरलेली असते. त्यांनी कपाळ पुसलं, म्हणाल्या, "आलं बघ ते वाक्य." चार वाजून दहा मिनिटांनी मुलगी झाली. दोन किलो 900. छातीवर ठेवली तेव्हा नाळ जोडलेली होती, आणि मी नाळेला हात लावून तिचा ठोका बघितला.

आता जे नीट झालं नाही ते. लेबर रूममध्ये आणखी दोन बाळंतिणी होत्या, म्हणून आत एकच बाईमाणूस, हा तिथला नियम. नवरा बाहेर राहिला. त्याने दोन महिने शिकलेला दाब फक्त आधीच्या खोलीत उपयोगी पडला, आणि त्याला ते लागलं. हा नियम अक्कांनी आधीच दवाखान्यात विचारून आम्हाला सांगायला हवा होता. दुसरं, त्यांनी पाठवलेले व्हिडिओ सगळे इंग्रजी. मला कळले, सासूबाईंना नाहीत, आणि बाळंतिणीजवळ चाळीस दिवस असतात त्या सासूबाईच. तिसरं, चौथ्या दिवशी छाती दगडासारखी भरली, बाळ ओढेना, ताप चढल्यासारखं झालं. घरच्या भेटीचा दिवस सहावा ठरलेला, म्हणून त्या दिवशी फक्त व्हिडिओ कॉल मिळाला. कॉलवर सांगितलेलं उपयोगी पडलं, आधी हाताने थोडं दूध काढून मग पाजलं. पण माणूस समोर असतं तर मी दोन तास रडले नसते. माझं मत, पहिली भेट तिसऱ्या-चौथ्या दिवशीच हवी.

घेऊ का नको विचारणाऱ्यांना एक सांगते. कॉक्रेन ही जगभरातले वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारी संस्था. तिच्या 2017च्या आढाव्यात 26 अभ्यासांतल्या 15 हजारांहून जास्त बायका होत्या. ज्यांच्याजवळ सतत कुणी होतं त्यांची सिझेरियन कमी झाली, कळांचा वेळ थोडा कमी झाला आणि बाळंतपणाची वाईट आठवण घेऊन घरी जाणाऱ्या कमी होत्या. आणि ही सोबत पैसे घेणाऱ्या डुलाचीच असली पाहिजे असं नाही. केंद्र सरकारने 2016 मध्येच सरकारी दवाखान्यांसाठी सूचना काढली आहे की बाळंतिणीबरोबर एक बाई आत राहू शकते, शक्यतो स्वतः बाळंतपण झालेली. खानापूर, हुक्केरी, चिकोडीकडच्या गावांतून आशाताईंबरोबर येणाऱ्या बायकांनी हे ठामपणे मागावं. बरोबर येणारी मावशी, आत्या नुसती बसायला नको, तिला श्वास मोजता यावा आणि दाब कुठे द्यायचा ते ठाऊक असावं.

अक्कांना घ्यायचं असेल तर सहाव्या-सातव्या महिन्यातच बोला, आणि तुमच्या दवाखान्यात डुलाला आत सोडतात का ते पैसे देण्याआधी विचारून घ्या. आमची तक्रार ऐकून त्यांनी सासूबाईंसाठी मराठीत बोलून तीन व्हिडिओ केलेत, पोटाखालच्या लुगड्याचा, शेकाचा आणि पाजायचा.

माझ्या जावेला सातवा लागलाय. त्यांना 18 हजार झेपणार नाहीत, म्हणून तिच्याबरोबर आत मी जाणार आहे. अक्कांनी येत्या बुधवारी दोघींना बोलावलंय, दाब पुन्हा एकदा माझ्या हातून करून घेणार म्हणाल्या. त्याचे पैसे नको म्हणाल्या.