पेसमेकरसाठी स्वतः लिहिलेला एजंट: काही महिने प्रोडक्शनवर चालवल्यानंतर

पेसमेकर हे लिनक्सचं क्लस्टर सॉफ्टवेअर: एक मशीन (नोड) पडलं की त्यावरची सर्व्हिस दुसऱ्यावर सुरू करतं (फेलओव्हर). सर्व्हिस सुरू, बंद करणारी आणि तपासणारी स्क्रिप्ट म्हणजे एजंट. सेटअप आधी सांगतो. पेसमेकर २.१, कोरोसिंक ३ (नोडमधला संवाद सांभाळणारं), दोन नोड, बहुमत ठरवायला तिसरं मत देणारं क्यूडिव्हाइस वेगळ्या मशीनवर, फेन्सिंग (बिघडलेला नोड बळजबरीने बाजूला काढणं) आयपीएमआयवरून, म्हणजे सर्व्हरच्या रिमोट पॉवर कंट्रोलवरून. वर चालते ती घरात लिहिलेली मेसेज क्यू. तिच्यासाठी तयार एजंट मिळत नाही, म्हणून ओसीएफ पद्धतीचा (क्लस्टर एजंटचा ठरलेला साचा) शेल एजंट लिहिला. फेलओव्हर आता भरवशाने होतो. पण पेसमेकरला तुमच्या सर्व्हिसबद्दल काहीच माहीत नसतं. एजंट जो एक्झिट कोड परत करतो, त्यावरच तो सगळे निर्णय घेतो. त्यामुळे सगळा जीव मॉनिटर, म्हणजे सर्व्हिसची तब्येत तपासणाऱ्या कृतीत आहे.

तीन कोड पक्के डोक्यात हवेत. ० म्हणजे व्यवस्थित चालू, ७ म्हणजे स्वच्छपणे बंद, १ म्हणजे बिघडलंय. बरेच नवे एजंट "० नाही ना, मग ७" असं लिहितात, आणि सगळ्यात मोठा धोका तिथेच आहे. ७ चा अर्थ "इथे नक्की काही चालू नाही, दुसरीकडे खुशाल सुरू करा" असा होतो. प्रोसेस अर्धवट जिवंत असताना, डेटा फाइल उघडी धरून बसलेली असताना ७ दिलात, तर दुसरा नोड तोच डेटा उघडतो. १ दिलात तर पेसमेकर आधी तिथे स्टॉप चालवतो, मगच पुढे जातो. शंका असेल तिथे १ द्या. ७ फक्त खात्री असेल तेव्हाच. ५ आणि ६ तर फारच जपून वापरा. ५ दिला की तो नोड त्या रिसोर्ससाठी (क्लस्टर सांभाळतो ती सर्व्हिस) बाद होतो. ६ दिला की रिसोर्स अख्ख्या क्लस्टरमध्येच बंद पडतो.

५ ची खरी गोची प्रोबमध्ये होते. रिसोर्स कुठे चालू आहे हे बघायला पेसमेकर प्रत्येक नोडवर एकदा मॉनिटर चालवतो (हाच प्रोब), जिथे रिसोर्स कधीच सुरू झालेला नाही तिथेसुद्धा. तुमची कॉन्फिग फाइल शेअर्ड डिस्कवर असेल तर दुसऱ्या नोडवर ती माउंटच नसते. "फाइल नाही, मग ५" असं लिहिलं असेल तर स्टँडबाय नोड कायमचा बाद, आणि हे कळतं नेमकं फेलओव्हरच्या वेळी. एजंटसाठीच्या तयार फंक्शनच्या फाइलमध्ये, ओसीएफ-शेलफंक्समध्ये, ओसीएफ_इज_प्रोब हे फंक्शन आहे. प्रोब असेल, फाइल नसेल आणि प्रोसेसही नसेल तर ७ परत करा. सर्व्हिसचं सिस्टमडी युनिट (लिनक्स बूट होताना सर्व्हिस सुरू करणारी नोंद) डिसेबल केलंय ना हेही याच वेळी तपासा. नाहीतर रीबूटनंतर ती आपोआप दोन्हीकडे उठते, आणि पेसमेकर दोन्ही बंद करून एकीकडे पुन्हा सुरू करतो.

मॉनिटरने नेमकं काय तपासावं? पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) फाइलमधून वाचून किल -० मारणं, म्हणजे तो क्रमांक जिवंत आहे का एवढं विचारणं, ही फक्त पहिली पायरी. तो पीआयडी दुसऱ्याच प्रोसेसला मिळालेला असू शकतो, म्हणून प्रॉकमधली (कर्नल जिथे प्रोसेसची माहिती दाखवतो) कमांड लाइनही जुळवा. मग ही चाचणी घ्या: सर्व्हिसला सिगस्टॉप (प्रोसेस थांबवून ठेवणारा सिग्नल) पाठवा. प्रोसेस गोठते, पण पीआयडी शाबूत राहतो आणि किल -० यशस्वी होतो. पोर्ट तपासलात तर कनेक्शनही लागतं, कारण लिसन बॅकलॉगमध्ये (स्वीकारायच्या कनेक्शनच्या रांगेत) जागा असेपर्यंत टीसीपीचा हँडशेक कर्नलच पूर्ण करतो, प्रोसेसला त्यात पडावं लागत नाही. म्हणजे "पोर्ट उघडा आहे" ही तपासणी मेलेल्या सर्व्हिसला जिवंत ठरवते. खरी विनंती पाठवून उत्तर वाचणं हाच मार्ग आहे. आमच्या एजंटमध्ये तपासणीच्या रांगेत एक मेसेज टाकून तोच परत उचलला जातो.

ही खोल तपासणी ओसीएफ_चेक_लेव्हल (किती खोल तपासायचं ते सांगणारं व्हेरिएबल) १० वर ठेवा आणि तिचं अंतर वेगळं द्या. साधी दर १० सेकंदांनी, खोल दर ६० सेकंदांनी. एकाच रिसोर्सच्या दोन मॉनिटरना सारखं अंतर चालत नाही. आतल्या विनंतीची मर्यादा ऑपरेशनच्या टाइमआउटपेक्षा बरीच कमी हवी. टाइमआउट ३० सेकंद असेल तर विनंती पाठवणाऱ्या कर्ल कमांडला ८. मूळ टाइमआउट २० सेकंदांचा असतो आणि तो ओलांडला की पेसमेकर एजंटची प्रोसेसच मारून टाकतो. मग लॉगमध्ये "टाइमआउट" एवढंच दिसतं, खरं कारण कळत नाही. पेसमेकर पहिल्याच अपयशाला रीस्टार्ट करतो, म्हणून खोल तपासणीत ३ सेकंद थांबून दुसरा प्रयत्न एजंटमध्येच ठेवलाय. ८, ३ आणि ८ मिळून १९, म्हणजे ३० च्या आत. सर्व्हिस चालू आहे पण डिस्क भरत आलीय, अशा वेळी १९० परत करा: रिसोर्स चालू राहतो, क्लस्टरची स्थिती दाखवणाऱ्या सीआरएम_मॉनमध्ये मात्र नोंद दिसते.

स्टॉप फसला तर फेन्सिंग सुरू असलेल्या क्लस्टरमध्ये अख्खा नोड बंद केला जातो. त्यामुळे आधीच बंद असलेल्या सर्व्हिसवरही स्टॉपने ० च द्यायला हवा. आधी सिगटर्म (बंद हो अशी विनंती), वाट बघा, मग सिगकिल (बळजबरीने मारणं). गोठलेल्या प्रोसेसवर सिगटर्मचा उपयोग होत नाही, सिगकिलचा होतो. किती वाट बघायची हे पेसमेकर एजंटला टाइमआउट कळवतो त्या ओसीएफ_रेसकी_सीआरएम_मेटा_टाइमआउट या व्हेरिएबलवरून काढा, पण तो आकडा मिलिसेकंदांत असतो. १००० ने भागून त्यातून ५ सेकंद वजा करा.

त्रासदायक गोष्टीही आहेत. मेटा-डेटाचं (एजंटची स्वतःची ओळख आणि पॅरामीटर) एक्सएमएल हाताने लिहायचं, एक टॅग चुकला की पीसीएस, म्हणजे क्लस्टर चालवायची कमांड, एजंट ओळखतच नाही. एक्सएमएल तपासणारं एक्सएमएललिंट चालवत राहा. पीसीएसचं डीबग-मॉनिटर तुमच्या शेलमधून चालतं, त्यामुळे लॉगिनचे व्हेरिएबल त्यात येतात आणि क्लस्टरमध्ये न चालणारा एजंट तिथे मजेत चालतो. एसईलिनक्सचा (लिनक्सची सुरक्षा बंधनं) अडथळाही तिथे दिसत नाही. ऑपरेशनवर ट्रेस_आरए=१ लावलं की खरं काय घडलं ते ओळीओळीने फाइलमध्ये मिळतं. काम झालं की काढून टाका, नाहीतर दर १० सेकंदांना एक फाइल साठत जाते.

मायग्रेशन-थ्रेशोल्ड (किती अपयशांनंतर रिसोर्स दुसऱ्या नोडवर हलवायचा) मुळात अमर्याद असतो आणि फेल्युअर-टाइमआउट (जुनी अपयशं किती वेळाने विसरायची) शून्य, म्हणजे कधीच नाही. ३ आणि १० मिनिटं हे आकडे आम्हाला मानवले.

सर्व्हिसला चांगलं सिस्टमडी युनिट असेल आणि प्रोसेस जिवंत आहे एवढंच पुरत असेल, तर एजंट लिहूच नका, सिस्टमडी वर्गाचा रिसोर्स वापरा. लिहिलातच, तर एजंट तपासणारं ओसीएफ-टेस्टर चालवल्याशिवाय क्लस्टरमध्ये घालू नका, आणि तो आरपीएम किंवा डेब पॅकेजमधूनच दोन्ही नोडवर टाका. शेल स्क्रिप्ट चालता चालता वाचली जाते. जागेवरच एडिटरने बदललीत तर त्या क्षणी चालू असलेला मॉनिटर अर्धी जुनी, अर्धी नवी फाइल वाचतो. पॅकेज मॅनेजर नवी फाइल बाजूला लिहून मग नाव बदलतो, त्यामुळे चालू मॉनिटर जुनीच फाइल शेवटपर्यंत वाचतो.