ड्रॉइंगचा ‘फुल सेट’: ड्राफ्टर तपासून घ्या, साबणाची वडी वेगळी घ्या

अ‍ॅडमिशन झाल्या की ठाणे, वाशी, नेरूळकडच्या स्टेशनरीच्या दुकानांत इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या ड्रॉइंगचा ‘फुल सेट’ बांधून तयार असतो. लाकडी बोर्ड, मिनी ड्राफ्टर, दोन सेट स्क्वेअर, रोलर स्केल, कंपास, सर्कल टेम्प्लेट, क्लिपा, पेन्सिली, शीट आणि खांद्याला अडकवायचा कंटेनर. हा सगळा ऐवज एकगठ्ठा घ्यावा का? आमचं मत: अर्धा घ्यावा. त्यातला ड्राफ्टर नशिबावर सोडू नये. आणि ऑर्थोग्राफिक प्रोजेक्शन, म्हणजे एकाच वस्तूचे समोरून (फ्रंट), वरून (टॉप) आणि बाजूने (साइड) दिसणारे व्ह्यू कागदावर मांडणं, समजायला जी वस्तू सगळ्यात जास्त लागते, म्हणजे हातात धरून फिरवता येईल असा ठोकळा, ती या सेटमध्ये नसतेच.

आधी ड्राफ्टर, कारण पैसे त्यातच जातात. बोर्डाच्या कडेला अडकवून आडव्या-उभ्या रेषा मारायचं हे साधन. याच्या दांड्या दोन समांतरभुज चौकोनांत जोडलेल्या असतात, त्यामुळे दोन पट्ट्या बसवलेलं डोकं बोर्डावर कुठेही सरकवलं तरी पट्ट्यांची दिशा बदलत नाही. हे सगळं रिव्हेटच्या सांध्यांवर अवलंबून असतं. सांधा सैल असेल तर पट्टी नकळत फिरते आणि फ्रंट व्ह्यूवरून खाली सोडलेली रेषा टॉप व्ह्यूच्या कोपऱ्याला लागतच नाही. विद्यार्थ्याला वाटतं, आपलंच माप चुकलं.

म्हणून काउंटरवरच बोर्ड मागून घ्या, ड्राफ्टर वरच्या कडेला डाव्या बाजूने घट्ट लावा आणि तिथेच टोकदार पेन्सिलने तपासा. वर एक आडवी रेषा, खाली एक आडवी रेषा, दोन्ही ३०० मिमी. त्यांच्यातलं अंतर दोन्ही टोकांना मोजा. अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फरक आला तर दुसरा नग मागा. मग काटकोन: उभ्या पट्टीने ९० मिमी, आडव्या पट्टीने १२० मिमी, टोकं जोडली की तिरकी रेषा बरोबर १५० यायला हवी. शेवटी एका बिंदूवर पट्टी एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून आणून रेषा मारा. दोन रेषा दिसल्या तर सांध्यात ढिलाई आहे, आणि ती वापराने वाढतच जाते. कोनाचा स्क्रू घट्ट करताना शून्याची खूण हलते का, तेही बघा. स्वस्त नगांत ही तक्रार हमखास. दुकानदार वैतागेल, वैतागू दे.

बोर्डाचं दुखणं वेगळं. दुकानात तो भिंतीला टेकवून उभा असतो आणि आपल्याकडचा पाऊस चार महिने मुक्कामाला, त्यामुळे बोर्ड वाकतो. कड डोळ्यासमोर धरून बघा, किंवा ड्राफ्टरची पट्टी कर्णावर उभी ठेवून खालून उजेड दिसतो का ते पाहा. मधोमध फुगलेला बोर्ड घेऊ नका. ए-२ शीट ५९४ × ४२० मिमी असते. बोर्ड चारही बाजूंनी थोडा मोठा हवा, नाहीतर खालच्या कडेला पट्टी हवेत राहते. क्लिपांवर ड्राफ्टर अडकतो, तेव्हा चार कोपऱ्यांना कागदी टेपचे तुकडे बरे.

रोलर स्केल दुकानातच ठेवा. चाक घसरतं आणि प्रत्येक वेळी चूक आधीच्या चुकीत मिळत जाते. सर्कल टेम्प्लेट मात्र घ्या, १० मिमीच्या आतली भोकं कंपासने काढणं म्हणजे कागद फाडणं. पेन्सिली: प्रोजेक्शनच्या फिक्या रेषांना २एच, बाह्यरेषांना एच, अक्षरांना एचबी. सेटमध्ये सगळ्या एचबीच निघाल्या तर बदलून मागा; त्यांच्या रेषा ड्राफ्टर सरकला की फासतात.

आता ठोकळा. कपडे धुण्याच्या साबणाची एक वडी घ्या आणि सुरीने उजव्या अर्ध्या भागाची निम्मी उंची कापून पायरी करा. मग जुन्या फाइलच्या पुठ्ठ्याचा ३०० मिमीचा चौरस कापा, घड्या घालून त्याचे चार सारखे चौकोन पाडा आणि खालचा उजवा चौकोन कापून टाका. उरलेले तीन म्हणजे तुमची तीन प्रतलं. वरचा डावा मागची भिंत, खालचा डावा पुढे वळवलेली जमीन, वरचा उजवा पुढे वळवलेली उजवी भिंत. या कोपऱ्यात पायरी उजवीकडे ठेवून वडी मांडा. समोरून जे दिसतं ते मागच्या भिंतीवर काढा, वरून दिसतं ते जमिनीवर, डावीकडून दिसतं ते उजव्या भिंतीवर. वडी उचला, पुठ्ठा सपाट उघडा. टॉप व्ह्यू फ्रंट व्ह्यूच्या खाली आणि डाव्या बाजूचा व्ह्यू उजवीकडे आपोआप आला. हाच फर्स्ट अँगल. पाठ करायला काही उरत नाही. मधली आडवी घडी म्हणजे फ्रंट आणि टॉप व्ह्यूमधली एक्स-वाय लाइन. आणि कापून टाकलेल्या चौकोनाच्या जागी शीटवर ४५ अंशांची रेषा येते, जिच्यावरून टॉप व्ह्यूची खोली साइड व्ह्यूत नेतात.

हिडन लाइन, म्हणजे आड गेलेल्या कडेची रेषा, तीही इथेच कळते. डावीकडून बघताना उंच भाग आड येतो, म्हणून पायरीची पातळी तुटक रेषेने. उजवीकडून बघितलं तर तीच रेषा अखंड. डॅश साधारण ३ मिमी, फट १ मिमी ठेवा. फट मोठी झाली की चित्र विस्कटलेलं दिसतं.

नेटवरचे व्हिडिओ बघताना सावध राहा. अमेरिकेत थर्ड अँगल चालतो, तिथे टॉप व्ह्यू वर असतो. आपल्याकडे भारतीय मानकानुसार फर्स्ट अँगल शिकवतात. अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं केलं की सगळ्या रेषा बरोबर असूनही उत्तर चूक. कोणता अँगल आहे ते कापलेल्या शंकूची खूण सांगते: तिच्यात चौकोनी आकृती डावीकडे, तिचं अरुंद टोकही डावीकडे आणि वर्तुळं उजवीकडे असतील तर तो फर्स्ट अँगल.

कंटेनरचं झाकण स्क्रूचं हवं, दाबून बसणारं नको. लोकलच्या गर्दीत तेच आधी निघतं. शीट आत ड्रॉइंगची बाजू बाहेर ठेवून गुंडाळा, म्हणजे बोर्डावर पसरल्यावर कडा वर उचलल्या जात नाहीत. आणि बिलावर ‘ड्राफ्टर आठ दिवसांत बदलून मिळेल’ एवढं लिहून घ्या. सांधे किती टिकणार, ते पहिल्या दोन शीटमध्येच कळतं.