शब्द छाटावेत की परिच्छेद उडवावेत?

लेख लिहून झालाय, लांबलाय हेही कळतंय आणि हाताशी एकच संध्याकाळ आहे. अशा वेळी कात्री दोन प्रकारे चालवता येते. ओळीओळीने जाऊन फालतू शब्द वेचायचे, किंवा सबंध परिच्छेदच काढून टाकायचा. शब्दसंख्या दोन्हींनी उतरते, पण दोन्हींची औषधं वेगवेगळ्या दुखण्यांवरची आहेत.

शब्दछाटणी कुठूनही सुरू करता येते, हा तिचा मोठा फायदा. ‘या ठिकाणी एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे, ती म्हणजे परीक्षेचा ताण दिवसेंदिवस अधिकाधिक गंभीर स्वरूप धारण करत चालला आहे.’ यातलं ‘परीक्षेचा ताण वाढतो आहे’ एवढंच ठेवलं तर काय गेलं? काही नाही. ‘च्या माध्यमातून’, ‘च्या दृष्टीने’, ‘करण्यात आले’ ही मंडळी दिसली की हात आखडू नये. मात्र ‘च’, ‘तर’, ‘की’, ‘ना’ यांना सरसकट फालतू समजू नका. ‘तो आलाच’ मधला ‘च’ काढला की आग्रह, वैताग, सगळंच जातं. फार तासलेलं गद्य तारेसारखं वाटतं (म्हणजे पोस्टाची तार!).

पण लेखाचा मुद्दाच भरकटला असेल तर शब्द छाटून हाती येतो तो गुळगुळीत, तरीही भरकटलेलाच लेख.

तिथे परिच्छेदच जावा लागतो, आणि ते जिवावर येतं. ज्यासाठी सर्वांत जास्त वाचन केलेलं असतं, नेमका तोच परिच्छेद अनेकदा जादा असतो. कसोटी सोपी आहे: तो झाका आणि वरचा-खालचा मजकूर सलग वाचा. सांधा जाणवला नाही तर तो गेलेला बरा. पहिला संशयित म्हणजे सुरुवातीचा परिच्छेद, दुसरा म्हणजे एकाच मुद्द्याचं दुसरं उदाहरण. काढलेला मजकूर वेगळ्या फाइलमध्ये ठेवला की हात धीट होतो. १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द वेस्ट लँड’ या इंग्रजी दीर्घकवितेच्या हस्तलिखितात एक भाग सुमारे ९० ओळींचा होता. कवीमित्र एझरा पाउंडच्या सूचनांनंतर तिचा कवी टी. एस. एलियटने त्यातल्या शेवटच्या १० ओळीच ठेवल्या. त्याही काढू का, असं त्याने विचारल्यावर पाउंडनेच त्याला अडवलं. काय ठेवायचं हे कळणं हाही छाटणीचाच भाग. या पद्धतीतला धोका किरकोळ पण हमखास: ‘वर म्हटल्याप्रमाणे’ उरतं आणि वरचं गेलेलं असतं. काढल्यावर एकदा सगळं वाचून काढाच.

दुसऱ्याच्या हाती कात्री द्यावी का? मी तरी देत नाही. कंटाळा कुठे आला तेवढ्या खुणा त्याच्याकडून घ्याव्यात आणि कापायचं आपणच.

निवड करताना आधी आकडा बघा. दहाव्या हिश्शाएवढंच कमी करायचं असेल तर शब्दछाटणीने भागतं. तिसरा हिस्सा कमी करायचा असेल तर तिच्या नादी लागू नका, प्रत्येक वाक्य गुदमरेल. दोन्ही करणार असाल तर परिच्छेद आधी, शब्द नंतर. उलट केलंत तर तासभर घासूनपुसून लख्ख केलेलं वाक्य रात्री परिच्छेदासकट उडवावं लागेल, आणि तेव्हा ते उडवायला मन होणार नाही.