‘आमच्या टूलमध्ये तर पास दाखवतंय’: ॲक्ट रूल्सचा दोन वर्षांचा अनुभव

गेल्या पावसाळ्यात एका पतसंस्थेच्या वेबसाइटचा ऑडिट रिपोर्ट माझ्याकडे परत आला. अंध आणि अपंग लोकांना साइट वापरताना जिथे अडतं, असे १४ दोष मी लिहून पाठवले होते. साइट बनवणाऱ्या कंपनीने त्यातल्या ६ दोषांपुढे ‘हा दोष नाही’ असं लिहून पुरावा म्हणून स्क्रीनशॉट जोडले होते. मला दिसत नाही. माझा एनव्हीडीए, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर, त्या प्रत्येक स्क्रीनशॉटवर ‘ग्राफिक’ एवढंच बोलला. शेजारच्या सहकाऱ्याने वाचून सांगितलं, की दोष आपोआप शोधणाऱ्या त्यांच्या टूलची हिरवी खूण आहे आणि खाली लिहिलंय ‘शून्य त्रुटी’.

पुण्यात वेबसाइट तपासायचं काम मी ९ वर्षं करते आहे आणि हा प्रसंग मला नवा नव्हता. आमचं टूल एक सांगतं, त्यांचं दुसरं. मग मीटिंग लागते. मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतं, ‘मॅडम, तुमच्या स्क्रीन रीडरचंच काहीतरी सेटिंग असेल.’ आणि ज्या बटनावर मला खरंच काही करता येत नाही, ते बटन तसंच राहतं. याआधी अशा वादांत मी कितीतरी दोष सोडून दिले आहेत. मुद्दा चुकीचा होता म्हणून नव्हे, तर समोरच्याला दाखवायला माझ्याकडे माझ्या शब्दापलीकडे काही नव्हतं म्हणून.

या वेळी मी ६ दोषांपुढे प्रत्येकी एक ॲक्ट नियमाची लिंक टाकून रिपोर्ट परत पाठवला. चौथ्या दिवशी ५ दोष मान्य होऊन आले. सहाव्याचं पुढे सांगते, कारण तिथे चूक माझी होती.

हे ॲक्ट रूल्स म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. ॲक्ट म्हणजे कायदा नव्हे, ‘ॲक्सेसिबिलिटी कॉन्फॉर्मन्स टेस्टिंग’: साइट सुगम्य आहे का, हे नेमकं कसं तपासायचं ते सांगणारे नियम. वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठी डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेची डब्ल्यूकॅग ही मार्गदर्शक तत्त्वं आहेत. २००८ साली दुसरी आवृत्ती आली, २०१८ मध्ये २.१ आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये २.२. आपल्या सरकारी साइट्ससाठीची जीआयजीडब्ल्यू ही मार्गदर्शक तत्त्वंसुद्धा तिसऱ्या आवृत्तीत डब्ल्यूकॅग २.१ च्या ‘एए’ पातळीवरच उभी आहेत. पण डब्ल्यूकॅगमधले निकष मुद्दामच मोकळे लिहिले आहेत, कारण ते उद्याच्या तंत्रज्ञानालाही लागू व्हायला हवेत. ‘मजकूर नसलेल्या गोष्टीला मजकुराचा पर्याय हवा’ हे सगळ्यांना पटतं. पण नक्की कोणतं एलिमेंट तपासायचं, काय असलं की पास आणि काय नसलं की नापास, हे प्रत्येक टूल बनवणारा आपल्या समजुतीने ठरवत आला. म्हणून एकाच पानावर दोन टूल दोन निकाल देतात.

माझ्या वडिलांचं सांगलीत धान्याचं दुकान होतं. लहानपणी ते मला वजनं हातात देऊन ओळखायला लावायचे, आणि तळाशी सरकारी शिक्का कुठे ठोकलाय ते बोटाने शोधायला सांगायचे. दुकानं वेगवेगळी, तराजू वेगवेगळे, पण किलो सगळ्यांचा एकच. आमच्या धंद्यात इतकी वर्षं नेमका तो शिक्का नव्हता.

२०१४ च्या सुमाराला युरोपातल्या काही मंडळींनी ऑटो-डब्ल्यूकॅग नावाचा गट सुरू केला. तोच पुढे ॲक्ट रूल्स कम्युनिटी ग्रुप झाला. नियम कसा लिहायचा याचा साचा ३१ ऑक्टोबर २०१९ रोजी डब्ल्यूथ्रीसीची अधिकृत शिफारस म्हणून आला. मधल्या काळात युरोपीय संघाच्या पैशावर चाललेल्या वाय-टूल्स प्रकल्पाचा या कामाला मोठा हात लागला. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की बाजारात एकमेकांशी स्पर्धा करणारे लोक इथे एका टेबलाशी बसतात. ॲक्स हे तपासणीचं टूल बनवणारी डीक्यू, तसंच टूल अल्फा बनवणारी साइटइम्प्रूव्ह, आयबीएम, लिस्बन विद्यापीठातलं क्वालवेब, हे सगळे एका नियमाच्या एका वाक्यावर महिनोन्महिने चर्चा करतात, आणि ती चर्चा गिटहब या वेबसाइटवर सगळ्यांसाठी उघडी असते. सभासद व्हायला पैसे लागत नाहीत, कंपनीचं नाव लागत नाही. मी अनेक जुन्या चर्चा पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकल्या आहेत. नियम असाच का झाला, हे तिथे कळतं.

आता प्रत्यक्ष वापराचं. प्रत्येक नियमाचं एक पान आहे, आणि मथळ्यावरून मथळ्यावर उड्या मारत एनव्हीडीएने ते सहज वाचता येतं. नियम कशाला लागू आहे हे आधी, मग अपेक्षा काय, मग गृहीतकं, आणि शेवटी उदाहरणं. उदाहरणं तीन गटांत असतात: पास, नापास आणि लागू नाही. प्रत्येक उदाहरणाला छोटा कोड आणि तो तसा का, याचं एक-दोन वाक्यांत कारण. डेव्हलपरशी बोलताना माझ्या उपयोगी पडतात ती ही उदाहरणं. नियमाच्या भाषेवर वाद घालता येतो, पण ‘तुमच्या बटनाचा कोड आणि या नापास उदाहरणाचा कोड शेजारी ठेवून बघा’ म्हटलं की वाद संपतो.

पतसंस्थेच्या साइटवर पावती उतरवून घ्यायचं बटन होतं. त्यात नुसतं खाली जाणाऱ्या बाणाचं चित्र. मला ऐकू यायचं, ‘बटन’. त्याच रांगेत आणखी तीन, ‘बटन, बटन, बटन’. त्यांच्या टूलने ते ‘लक्ष द्यावं’ अशा यादीत टाकलं होतं, त्रुटीत नाही. ॲक्टचा नियम साधा आहे: बटनाला रिकामं नसलेलं, म्हणजे स्क्रीन रीडरला वाचून दाखवता येईल असं, नाव हवं. नाव नसेल तर नापास, मधली यादी नाही.

आणि आता सहावा दोष. अर्ज पूर्ण भरेपर्यंत ‘पाठवा’ हे बटन बंद असायचं आणि त्यावरची अक्षरं फिकट राखाडी होती. आमच्या तपासणीच्या स्क्रिप्टने अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या रंगांतला फरक कमी म्हणून ते पकडलं, मी तसंच लिहिलं. रंगांतल्या फरकाच्या नियमाचं पान उघडल्यावर कळलं, की बंद केलेल्या घटकावरचा मजकूर ‘लागू नाही’ मध्ये येतो, तशी उदाहरणंच दिली आहेत. मी तो दोष मागे घेतला आणि त्या कंपनीला तसं लिहून कळवलं. माझ्यावर बंधन घालणारा नियम आहे म्हणूनच समोरच्याने बाकीचे पाच मानले, असं मला वाटतं.

सगळ्यात जास्त वेळ मी घालवला तो भाषेच्या नियमांत. हा विषय मराठी साइट्ससाठी फार जिव्हाळ्याचा आहे, म्हणून थोडं सविस्तर.

पानाची भाषा कोणती, हे कोडमध्ये ‘लँग’ या ॲट्रिब्यूटने सांगायचं असतं. मराठीसाठी ‘एमआर’. हे वाचून स्क्रीन रीडर आवाज बदलतो. तिथे इंग्रजी लिहिलं असेल तर काही आवाज देवनागरी मजकूर गिळूनच टाकतात. हिंदी लिहिलं असेल तर वाचतात, पण चूक, चटणी, जाड हे सगळे शब्द हिंदीच्या ‘च’ आणि ‘ज’ने कानावर आदळतात. दहा मिनिटं असं ऐकलं की अर्थ लावण्यातच जीव दमतो. डोळस माणसाला पान अगदी व्यवस्थित दिसतं, त्यामुळे हा दोष कोणाच्या लक्षातच येत नाही.

ॲक्टमध्ये या एका गोष्टीचे तीन वेगळे नियम आहेत. पहिला फक्त एवढंच बघतो, की लँग आहे का आणि ते रिकामं नाही ना. दुसरा बघतो, की तिथे लिहिलेली खूण खरोखरच्या भाषेची आहे का. एका डेव्हलपरने तिथे ‘मराठी’ असा अख्खा शब्द रोमन लिपीत टाकला होता. पहिल्या नियमात तो पास, दुसऱ्यात नापास. तिसरा नियम बघतो, की ती खूण पानाच्या मुख्य भाषेशी जुळते का. तयार इंग्रजी टेम्पलेट घेऊन वर मराठी मजकूर भरलेली साइट पहिले दोन नियम सहज पार करते आणि तिसऱ्यात अडकते. पूर्वी मी या तिन्हींना मिळून ‘भाषा चुकीची’ असं एका ओळीत लिहायचे आणि डेव्हलपर विचारायचा, ‘म्हणजे नक्की काय करू?’ आता कोणता नियम तुटला ते कळलं की दुरुस्ती एका शब्दाची असते.

आवाजाचा नियमही मला मनापासून आवडतो. पान उघडताच ३ सेकंदांहून जास्त वेळ काही वाजायला लागलं, तर ते थांबवायची सोय हवी. एका शाळेच्या साइटवर प्रार्थना आपोआप सुरू व्हायची. प्रार्थना सुंदर होती, पण तिच्याखाली माझ्या एनव्हीडीएचा आवाज पूर्ण बुडायचा आणि ती बंद करायचं बटन शोधायला मला तोच आवाज हवा असायचा.

उणिवाही आहेत, आणि हे वापरायला घेणाऱ्याने त्या आधी समजून घ्याव्यात.

पहिली गोष्ट उणीव म्हणावी की प्रामाणिकपणा, पण तिच्याकडे दुर्लक्ष करणारे लोक मी रोज पाहते. बहुतेक नियमांत नापास म्हणजे डब्ल्यूकॅगचा निकष नक्की मोडला. पण पास म्हणजे निकष पाळला, असं नाही. पानावर स्वच्छ लिहिलेलं असतं, की पुढे आणखी तपासणी हवी. चित्राला नाव हवं, या नियमात ‘आयएमजी ४०३२’ असं नाव दिलेला फोटोही पास होतो. ते नाव चित्राचं खरं वर्णन करतं का, याचा वेगळा नियम आहे आणि तो तपासायला माणूसच लागतो. म्हणून ‘सगळे ॲक्ट नियम पास, साइट शंभर टक्के सुगम्य’ असं कोणी लिहून देत असेल तर ते कागद स्वीकारू नका.

दुसरं, डब्ल्यूकॅगच्या प्रत्येक निकषासाठी नियम नाहीत. जे आहेत त्यांतलेही बरेच अजून प्रस्तावित अवस्थेत आहेत, मंजूर नाहीत. काम सावकाश चालतं. एवढ्या लोकांची सहमती घ्यायची तर वेळ लागणारच हे मला मान्य आहे, पण क्लायंटला प्रस्तावित नियमाची लिंक पाठवली की तो ‘अजून मंजूर कुठे आहे?’ म्हणून अडतो, तेव्हा त्रास होतो.

तिसरं, भाषा. इंग्रजी अतिशय काटेकोर आहे आणि ‘ॲक्सेसिबल नेम’, ‘सिमँटिक रोल’ अशा प्रत्येक शब्दाची वेगळी व्याख्या आहे. आमच्याकडे नव्याने आलेल्या दोन मुलींना, त्याही स्क्रीन रीडरवरच काम करणाऱ्या, पहिला नियम नीट समजायला मी अख्खी दुपार दिली. दुसऱ्या नियमाला अर्धा तास पुरला, तिसरा त्यांनी आपला आपण वाचला.

टूल निवडताना मात्र एका पानाचा फार उपयोग होतो. कोणतं टूल कोणत्या नियमाशी किती सुसंगत आहे, हे डब्ल्यूथ्रीसी जाहीर करतं. टूल बनवणारे उदाहरणांवर आपलं टूल चालवतात आणि निकाल पाठवतात. त्यात नुसती सॉफ्टवेअर नाहीत. अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याची ट्रस्टेड टेस्टर ही माणसाने हाताने करायच्या तपासणीची पद्धतही त्यात आहे. आम्ही आमचं जुनं टूल या यादीवरून बदललं.

३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून आणि अमर जैन यांच्या याचिकांवर निकाल देताना डिजिटल सेवा वापरता येणं हे संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काशी जोडलं. त्यानंतर आमच्याकडे बँका आणि वित्तसंस्थांची चौकशी वाढली. हक्क कागदावर आला याचा मला खूप आनंद आहे. पण उद्या एखाद्या अंध खातेदाराने तक्रार केली, आणि दोन तज्ज्ञांनी दोन टूलचे दोन निकाल समोर ठेवले, तर त्या माणसाने काय करायचं? त्याच्या हातात ‘हा नियम, हे नापास उदाहरण, हा तुमचा कोड’ एवढं तरी असलं पाहिजे.

कोणी वापरावं? तपासणीचं काम करणाऱ्या प्रत्येकाने, आणि टेंडर लिहिणाऱ्यांनी तर नक्कीच. ‘साइट सुगम्य असावी’ असं मोघम लिहिण्याऐवजी ॲक्ट नियमांशी सुसंगत टूलचा निकाल आणि त्यासोबत माणसाने केलेली तपासणी, असं लिहा. ज्यांना फक्त एका आठवड्यात प्रमाणपत्र हवंय त्यांना यातून काही मिळणार नाही. किंमत शून्य आहे. लागतो तो वेळ.

सध्या मी भाषेच्या तिसऱ्या नियमासाठी दोन उदाहरणं लिहिते आहे, मराठी पानावर हिंदीची खूण असलेली. त्या नियमात पानावरचे शब्द कोणत्या भाषेत जास्त बसतात, त्यावरून मुख्य भाषा ठरते. पहिलं उदाहरण सोपं आहे, त्यात ‘आहे’, ‘नाही’, ‘साठी’ आहेत. दुसऱ्यावर अडकले आहे. त्या पानावर फक्त मेन्यू आहे: सूचना, संपर्क, शिक्षण, कार्यालय. चारही शब्द दोन्ही भाषांचे. अशा पानाला हिंदीची खूण लावली तर ते नापास म्हणायचं का, यावर आमच्या ऑफिसात दोन दिवस चर्चा चालू आहे. सोमवारी तीच चर्चा गिटहबवर टाकणार आहे.