ऑनलाइन मागवलेला रँच घराचा नकाशा, वावरात बांधून एक उन्हाळा काढल्यावर

आमचं गाव आर्वी तालुक्यात. मायच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हाच ठरवलं होतं का आता वावरात घर बांधायचं तं बिनपायऱ्याचं, एकाच मजल्याचं. नेटवर घराचे नकाशे विकणारी एक सर्व्हिस सापडली, तिथून रँच स्टाईलचा १४०० स्क्वेअर फुटाचा एल आकाराचा नकाशा घेतला, १८ हजार पडले.

ही स्टाईल अमेरिकेतली, पण मूळ पाहाल तर कॅलिफोर्नियातल्या जुन्या स्पॅनिश वाड्यांचं, म्हणजे मातीच्या कच्च्या विटा, मधात अंगण, खोल्यांसमोर लांब सपरी. क्लिफ मे नावाचा माणूस आधी फर्निचर बनवायचा, त्यानं १९३२ च्या सुमारास सॅन डिएगोत अशी घरं बांधायला घेतली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडं जिकडंतिकडं हीच घरं झाली. बुटकं, आडवं लांब, छपराला उतार कमी, वळचण बाहेर आलेली, मोठ्या काचा, गाडीची जागा घरालाच जोडून. मला तं पाहिल्याबरोबर सेवाग्रामची बापू कुटी आठवली, तीही जमिनीला धरूनच आहे.

नकाशात खोल्यांची मांडणी खरंच मस्त आहे. मायच्या खोलीतून संडास-बाथरूम चार पावलं, कुठं उंबरठा नाही, स्वयंपाकघरातून अंगण अन् गोठा दोन्ही दिसतात. गाडीच्या जागेत आमचा ट्रॅक्टर राहतो आणि हंगामात कापसाची गंजीही तिथंच लागते. यासाठी पूर्ण मार्क.

पण त्यांनी घराचं तोंड कोणत्या दिशेला हे एकदाही विचारलं नाही. दहा फुटाची सरकती काच थेट पश्चिमेला. दक्षिणेचं ऊन वरून येते, ते वळचणीनं अडते, पण पश्चिमेचं ऊन तिरपं असते, ते वळचणीखालून सरळ घरात घुसते. आमच्याकडं नवतप्यात पारा ४५ च्या वर जातो, त्या काचेसमोर कूलर लावूनही काय होणार होतं! दुसरं म्हणजे आठ फुटाचं छत, ते तिकडं चालत असेल, इथं डोक्यावर भट्टीच.

नकाशा पाहून मिस्त्री काका म्हणाले, "भाऊ, एवढ्याशा उतारावर कवेलू टाकले तं वाऱ्यानं पाणी मागं चढते, आखाडात घर गळनच." मी नकाशावाल्यांना फोन केले, मेल केले, पैसे गेल्यावर कोणी बोलायलाच तयार नाही, याचा फार राग आला. शेवटी काकांनीच सगळं बदललं. उतार वाढवला, छत ११ फूट घेतलं, कवेलूच्या खाली टीन टाकलं कारण वानरं आली का कवेलू फुटतातच, पश्चिमेची काच काढून जाड भिंत अन् वर दोन झरोके दिले. वळचण दीड फुटाची होती, ती तीन फूट केली. सपरी तेवढी जशीच्या तशी ठेवली, ३२ फूट लांब.

मे महिन्यात दुपारी मधल्या खोलीत एका कूलरवर भागलं. माय आता काठीशिवाय या टोकापासून त्या टोकापर्यंत सपरीत फेऱ्या मारते.

नकाशाला तीन स्टार, नंतरच्या सर्व्हिसला एकच. घेणार असाल तर पैसे भरायच्या आधी पश्चिम कुठं आहे ते त्यांना लिहून पाठवा, छताची उंची अन् उतार बदलून मागा, आणि नकाशा गावातल्या मिस्त्रीला दाखवल्याशिवाय पायवा खोदू नका.