टाकी उतरवलीच नाही, तरी २,८०० डॉलर गेले

अमेरिकेत जुनी मोटरहोम (आत राहण्याची सोय असलेली गाडी) घेऊन फिरणाऱ्यांनी हे वाचाच. कॅम्पग्राउंडवर येऊन दुरुस्ती करून देणाऱ्या एका भामट्याने आम्हाला २,८०० डॉलरला गंडवलं. सगळे रोख. पावती म्हणजे वहीचं फाडलेलं पान, त्यावर सहीसुद्धा नाही.

आमची गाडी १९९४ ची, फोर्ड ई-३५० च्या चासीवरची, ४६० घनइंची इंजिन, ५५ गॅलनची टाकी. तक्रारी तीन होत्या. पेट्रोल भरताना नोझल सारखं टक्क करून बंद पडायचं. गेजचा काटा पाऊण टाकीवर चिकटून बसलेला. आणि तासभर चालवली की चढावर इंजिन गचके देत बंद पडायचं, थोडं थांबलं की पुन्हा मुकाट सुरू. त्याने हे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाव टाकी उरली की जनरेटर बंद पडतो का?" काटा चालत होता तेव्हा पडायचा, असं मी सांगितलं. "मग टाकीत गंजाचा गाळ आहे. पंप गेलाच समजा."

आता ऐका. मोटरहोममधला वीज देणारा जनरेटर गाडीच्याच टाकीतलं पेट्रोल ओढतो, पण त्याची नळी टाकीत मुद्दामच आखूड ठेवलेली असते. रात्रभर जनरेटर चालवून सगळं पेट्रोल संपलं आणि माणूस रानात अडकला, असं होऊ नये म्हणून. म्हणजे गाडी धडधाकट असल्याची खूण त्याने विचारली आणि तीच आजार म्हणून माझ्या गळ्यात मारली. बहुतेकांच्या गाडीत उत्तर 'हो' येणार हे त्याला पक्कं ठाऊक.

हिशोब असा: नवा पंप ६४०, टाकी साफ करून आतून कोटिंग ९८५, गेजचा सेंडर (टाकीतली पेट्रोलची पातळी काट्याला कळवणारा भाग) ३१०, जुन्या पेट्रोलची विल्हेवाट ४१ गॅलनचे २०५, मजुरी सहा तासांची ८१०. एकूण २,९५०, रोख दिले तर २,८००. दीडशे डॉलर वाचले म्हणून बायकोने त्याला चहा दिला!

"धोक्याचं काम आहे, वाफा पसरतील, तीन तास इकडे फिरकू नका," असं तो म्हणाला आणि आम्ही गेलो. का नाही जाणार? पेट्रोलच्या टाकीजवळ बसून राहा असं कोणता शहाणा सांगेल? इथे मला कुणी बावळट म्हणू नये.

पण परत आल्यावरचा तो क्षण मात्र अजून टोचतो. गाडीपाशी पेट्रोलचा वास नव्हता. अजिबात नाही. साधं झाकण उघडलं तरी हाताला तासभर वास राहतो, आणि इथे म्हणे ५५ गॅलनची टाकी रिकामी करून, उतरवून, धुऊन परत चढवली. जमिनीवर एक डाग नाही. ट्रकमध्ये पिंप नाही. गॅलनला सहा पौंड धरा, ४१ गॅलनचे झाले अडीचशे पौंड. ते त्याने कुठे नेलं, खिशात? कोटिंग वाळायला तास नव्हे, दिवस लागतात. हे सगळं नाकाने मला सांगितलं होतं, पण तेवढ्यात त्याने गंजाच्या खपल्या भरलेली काचेची बरणी माझ्यापुढे धरली, "हे तुमच्या टाकीतून निघालं," आणि माझं लक्ष बरणीवर. ती बरणी तो गावोगाव घेऊन हिंडत असणार.

"थोडंच पेट्रोल घातलंय, पुढच्या पंपावर टाकी भरून घ्या," एवढं सांगून गेला. पंपावर २.३ गॅलन गेलं आणि तोंडापर्यंत भरली. फोन लावला तर बंद. गाडीखाली सरपटून पाहिलं: टाकीच्या पट्ट्यांच्या बोल्टवर वर्षानुवर्षांचा चिखल आणि गंज जसाच्या तसा, पान्याचा एक ओरखडा नाही. (टाकी उतरवली म्हणणाऱ्याच्या कामात पैसे देण्याआधी हे बघा. टॉर्च पुरतो.) आणि ते ४१ गॅलन? ५५ ची पाऊण टाकी. त्या दीडशहाण्याने बिघडलेल्या काट्यावरून बिल केलं. टाकी तर मी आदल्या संध्याकाळी काठोकाठ भरली होती.

खरं दुखणं दुसऱ्याच कॅम्पवरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी काढलं. गाडी बंद पडली की लगेच झाकण सैल करा म्हणाले. केलं, तर सुस्स करून हवा आत ओढली गेली आणि इंजिन लागलं. टाकीत हवा जायला वाटच नव्हती, त्यामुळे आत पोकळी तयार होऊन पंपाला पेट्रोल ओढता येत नव्हतं. व्हेंटच्या नळीत कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं, आणि भरण्याच्या तोंडाजवळचा हवेचा होज दुमडलेला; नोझलचं टक्क टक्क त्यामुळेच. नवे होज आणि क्लॅम्प मिळून २३.४७ डॉलर. काटा अजून चिकटलेलाच आहे, पण निदान सेंडरची अर्थिंग आणि कनेक्टर तपासल्याशिवाय आता कुणाला नवा सेंडर बसवू देणार नाही. पंप गेला म्हणणाऱ्यालाही आधी प्रेशर गेज लावून आकडा दाखवायला सांगा.

पोलिसांकडे गेलो. "पैसे तुम्ही स्वतः दिलेत ना? मग हा दिवाणी वाद." बोल्टचे फोटो पुढे केले, पाहिलेसुद्धा नाहीत. कॅम्पग्राउंडचं ऑफिस म्हणे, आम्ही फक्त फलकावर कार्ड लावू देतो. मग ते कार्ड काढा तरी! त्यासाठी मॅनेजरची परवानगी, मॅनेजर सोमवारी. तक्रारीच्या सरकारी फॉर्मवर दुकानाचा पत्ता भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही, आणि पत्ता नसणं हाच तर त्याचा धंदा. हेल्पलाइनवाली बाई म्हणाली, "जवळपासचा एखादा पत्ता टाका." म्हणजे खोटी माहिती मी द्यायची! स्मॉल क्लेम्स कोर्टात, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात, जावं तर समन्स पोचवायला पुन्हा पत्ताच हवा. कार्डाने पैसे दिले असते तर बँकेकडे वाद तरी घालता आला असता. रोख सूट देतो म्हणाला की कार्डच पुढे करा, आणि नको म्हणाला तर त्याला तिथूनच निरोप द्या.

कॅलिफोर्नियात दुरुस्तीआधी लेखी अंदाजपत्रक द्यावंच लागतं, आणि काम देतानाच सांगितलं तर काढलेले जुने भाग परत मागता येतात. तुमच्या राज्यात काय नियम आहे ते निघण्याआधी बघून ठेवा. जुना पंप मागा, हातात घ्या, वास घ्या. तीस वर्षं पेट्रोलमध्ये बुडालेला पंप कोरडा ठणठणीत असेल तर पाकीट खिशातच राहू द्या.