गिम्पमध्ये घडवलेला अवकाशयानाचा पत्रा : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेले आठ महिने मी बेळगावात, टिळकवाडीतील घरी, नोकरीतून उरणाऱ्या वेळात एका छोट्या खेळासाठी अवकाशयानांचे टेक्स्चर, म्हणजे त्यांच्या पृष्ठभागावर चढवायची चित्रे, तयार करीत आहे. यानाचा आकार ब्लेंडर या त्रिमितीय आकार घडवण्याच्या प्रणालीत, खेळ गोडो या खेळ बनवण्याच्या प्रणालीत आणि रंगकाम गिम्प या चित्र-संपादन प्रणालीत, अशी माझी विभागणी आहे. गिम्प मोफत आहे, हे निवडीचे एक कारण होते; परंतु मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीत चित्राच्या थरावर लावलेला फिल्टर, म्हणजे चित्राचे रूप बदलणारा परिणाम, नंतरही उघडून बदलता येऊ लागला, हे माझ्यासाठी अधिक मोठे कारण ठरले. पत्र्यावरील खरखर किती ठेवावी, हे खेळात यान फिरताना पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि पूर्वी तेवढ्यासाठी मागचे सगळे काम उलगडावे लागे.

ब्लेंडरमधून यूव्हीचा आराखडा, म्हणजे यानाचा पृष्ठभाग तुकड्यांत उलगडून केलेली सपाट मांडणी, २०४८ × २०४८ पिक्सेल आकारात काढून तो मी गिम्पमध्ये सर्वांत वरच्या थरावर पुसट ठेवतो आणि त्याखाली पत्र्यांचे जोड आखतो. पेन्सिल घेऊन एका टोकाला क्लिक करावे, शिफ्ट दाबून दुसऱ्या टोकाला क्लिक करावे, की सरळ रेघ मिळते. सोबत कंट्रोल दाबल्यास ती १५ अंशांच्या टप्प्यांनीच वळते. ही सोय इतकी हाताशी आहे की पहिल्या यानावर मी रेघा मारतच सुटलो आणि ते आलेखाच्या कागदात गुंडाळल्यासारखे दिसू लागले.

मग एका रविवारी उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत जाऊन पत्र्याच्या शेड आणि भंगाराचे ढीग यांची छायाचित्रे घेतली. पावसाळ्यातील ढगाळ उजेड टेक्स्चरसाठी उत्तम, कारण सावल्या कडक पडत नाहीत आणि छायाचित्रातील उजेड खेळातील उजेडाशी भांडत नाही. बोल्टच्या खाली उतरलेले गंजाचे ओघळ मला इतके आवडले की मी ते यानभर पसरले. ते पाहून माझा भाचा म्हणाला, ‘‘मामा, अवकाशात पाऊस कुठे पडतो?’’ मुद्दा बिनतोड होता. आता गंज केवळ ग्रहांवर उतरणाऱ्या मालवाहू यानाला, तोही उतरण्याच्या पायांजवळ. इतरांना इंजिनाभोवती काजळी आणि दाराच्या कडेला घासून उघडा पडलेला धातू, एवढेच. यासाठी वेगळा थर, त्यावर मास्क (थराचा नको तो भाग झाकणारा पडदा) आणि खालचा रंग गडद करणारा ‘मल्टिप्लाय’ मोड पुरेसे होतात.

सपाट पृष्ठभागावर उंच-खोलपणाचा भास निर्माण करणाऱ्या चित्राने, म्हणजे नॉर्मल मॅपने, मात्र मला आठवडाभर छळले. गिम्पमध्ये त्यासाठी फिल्टर आहे. पण तो उजळ भागाला उंच आणि गडद भागाला खोल समजतो, त्यामुळे रंगवलेले चित्र जसेच्या तसे दिल्यास काजळीच्या जागी खड्डे पडतात. उंचीसाठी केवळ करड्या छटांचे स्वतंत्र चित्र ठेवणे, हाच उपाय. त्यानंतरही यानाच्या उभ्या खाचा बरोबर दिसत होत्या आणि आडव्या खाचा फुगलेल्या. माझ्या नॉर्मल मॅपमध्ये हिरवी वाहिनी, म्हणजे वर-खालचा (वाय दिशेचा) उतार सांगणारा हिरव्या रंगाचा भाग, उलटी झाली होती: ही दिशा मोजण्याच्या दोन पद्धती आहेत; गोडो आणि ब्लेंडर ओपनजीएलची पद्धत मानतात, अनरिअल ही खेळ बनवण्याची दुसरी प्रणाली डायरेक्टएक्सची. फिल्टरमध्येच वाय उलटवण्याची सोय आहे; तेवढी खूण बदलताच खाचा आत गेल्या.

यान दूर गेल्यावर शिवणींवर, म्हणजे यूव्हीचे तुकडे जिथे जुळतात तिथे, पांढऱ्या रेषा चमकत, कारण लांबून दिसताना चित्राची लहान प्रत वापरली जाते आणि तुकड्याबाहेरचा रंग आत मिसळतो. आता मी प्रत्येक तुकड्याची निवड १६ पिक्सेलने वाढवून खालच्या थरावर मूळ रंग भरतो. ४०९६ चा मोह मात्र टाळला: असंपीडित अवस्थेत २०४८ चे चार वाहिन्यांचे (लाल, हिरवी, निळी आणि पारदर्शकता) चित्र १६ एमबी व्यापते, ४०९६ चे ६४.

उणीव सांगायची तर, गिम्पमध्ये त्रिमितीय आकारावर थेट रंगवता येत नाही. शिवण ओलांडून जाणारा पट्टा जुळवण्यासाठी ब्लेंडरमध्ये फेऱ्या माराव्या लागतात. काम आपोआप जतन होत नाही, हे एका संध्याकाळी वीज गेल्यावर कळले. आता कंट्रोल-एस बोटांत बसले आहे, आणि पीएनजी काढली तरी थरांसह एक्ससीएफ, म्हणजे गिम्पची स्वतःची फाइल, ठेवतोच.

मालवाहू यानाच्या कुशीवर मी ‘मलप्रभा’ असे नाव घातले. कणकुंबीला उगम पावणाऱ्या नदीचे नाव गिम्पने जोडाक्षरासह नीट उमटवले. केवळ अक्षरांतील अंतर वाढवताच शिरोरेषा तुटली, म्हणून ते शून्यावर ठेवले. खेळात यान वळले तेव्हा डाव्या कुशीवर तेच नाव आरशात पाहावे तसे उलटे दिसले. जागा वाचवण्यासाठी मी दोन्ही कुशींना यूव्हीचा एकच तुकडा दिला होता. नावापुरता पत्रा वेगळा कापून त्याला स्वतंत्र जागा द्यावी लागली, आणि तेवढ्यासाठी काजळीचा संपूर्ण थर पुन्हा जुळवण्यात माझे दोन रविवार गेले.